गाडीची नाडी : गॅस गेला कुठून?

मागच्या आठवड्यात एसीच्या गॅसचा फेरा पाहिला: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर. हा फेरा बंद असतो. पेट्रोल जळून संपतं, तसा हा गॅस संपत नाही. म्हणून "गॅस संपलाय, भरून देतो" असं कुणी म्हणालं की आपण विचारायचं, गेला कुठून? रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते धरून चालायचं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहेच.

मी हा प्रश्न तीन उन्हाळे विचारला नाही. दर वेळी गॅस भरला, महिना-दोन महिने गाडी गार राहिली, पुन्हा तेच. चौथ्या वर्षी दुसऱ्या एका मेकॅनिकने गेजला हातही न लावता आधी टॉर्च घेतला. कंडेन्सरच्या कोपऱ्यात, पाइप जोडतात तिथे, रुपयाएवढा काळा डाग होता. आजूबाजूची धूळ फुंकरीने उडाली, ही मात्र बोटाला चिकटली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. फटीतून दोन्ही बाहेर पडतात. गॅस हवेत जातो, तेल तिथेच बसून धूळ धरतं. जोड उघडला तर आतली ओ-रिंग चपटी, कडक झालेली. तीन वर्षांच्या गॅसच्या पैशांपुढे तिची किंमत काहीच नव्हती.

डाग दिसला नाही तर पुढची साधनं. इथे गेजवर फार विसंबू नये. घरच्या सिलिंडरमध्ये द्रवरूप गॅस थोडा जरी उरला असला तरी शेगडी नेहमीसारखी पेटते ना? तसंच हे. आर-१३४ए गॅस ३० अंश तापमानाला, गाडी बंद असताना, साधारण ९५ पीएसआय दाब दाखवतो. आत द्रव आहे तोवर गॅस निम्मा असो की पुरा, काटा तिथेच. नेमकं कळतं ते वजनावरून. मशीनने गॅस काढून तोलायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमच्या आकड्याशी ताडायचा.

"व्हॅक्यूम मारून पाहिला, टिकला" हाही पुरता दाखला नव्हे. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत रेटते ती जेमतेम १५ पीएसआयने. उन्हात एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला आतून दोनशेच्या वर रेटा असतो. बारीक भोक त्या रेट्यालाच उघडं पडतं. त्यामुळे कोरडा नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचं पाणी लावणं मला जास्त खात्रीचं वाटतं. बुडबुडा खोटं बोलत नाही. सर्व्हिस पोर्टची पिनही याच पाण्याने तपासावी. तिथलं प्लॅस्टिकचं झाकण हरवलेलं असतं आणि कुणी मनावर घेत नाही, पण गॅस अडवण्यात त्याचाही वाटा असतो.

सगळ्यात अवघड कूलिंग कॉइल, कारण ती डॅशबोर्डच्या पोटात. तो खोलायचा म्हणजे मोठं काम, म्हणून आधी पुरावा मागावा. गाडी आणि ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग एसीचं पाणी ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरायचा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून कुठेही शोधताना डिटेक्टर जोडाच्या खालच्या बाजूने फिरवावा. यूव्ही डाय घातला असेल तर त्याच नळीच्या तोंडाशी निळ्या टॉर्चमध्ये पिवळट हिरवी चमक दिसते.

हा खटाटोप फक्त पैशांसाठी नाही. आर-१३४एचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. गळकी गाडी नुसती भरत राहणं म्हणजे तो गॅस विकत घेऊन हवेत सोडणं.

आणि एसी हायवेवर गार, सिग्नलला गरम होत असेल तर गळती शोधायच्या आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघा. पुढचा लेख त्या पंख्यावरच.