पेशींचे कान

औषधाची गोळी पोटात गेल्यावर तिला कसं कळतं, की आपल्याला हृदयाकडे जायचं आहे की गुडघ्याकडे? गेल्या तीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला हा प्रश्न. खरं उत्तर असं, की गोळीला काहीच कळत नाही. ती विरघळते, रक्तात मिसळते आणि सगळीकडे जाते. काही पेशींना तिचं बोलणं ऐकू येतं, बाकीच्यांना येत नाही, एवढंच. या ऐकण्याच्या यंत्रणेला रिसेप्टर म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'ग्राही' असा शब्द आहे. मी आपला त्याला पेशीचा कान म्हणतो. औषधशास्त्रातलं माझं सगळं काम या कानांवरच झालं.

पेशीवर असं काहीतरी असलं पाहिजे, हे केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये मांडलं. त्यांनी निकोटिन आणि क्युरारे ही दोन विषं कोंबडीच्या स्नायूंवर वापरून पाहिली होती. कान दिसला मात्र कुणालाच नव्हता. पुढे १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं, की अॅड्रिनलिनसाठी अल्फा आणि बीटा असे दोन जातींचे कान आहेत. त्यांचा हा निबंध एका नियतकालिकाने आधी साभार परत केला होता! पण त्याच कल्पनेवर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयावरचे बीटा कान बंद करणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध तयार केलं. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आम्ही विद्यार्थी असताना हे सगळं बेडकाच्या हृदयावर पाहायचो. फिरत्या ढोलावर काजळी धरलेला कागद, त्यावर ठोके उमटवणारी बारीक सुई. अॅड्रिनलिनचा थेंब पडला की रेघा ताडताड उंच व्हायच्या. आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं असेल, तर तोच थेंब टाकूनही काही नाही. जणू हृदयाने कानांवर हात ठेवले. आता बहुतेक ठिकाणी हा प्रयोग संगणकावर दाखवतात. बेडकांच्या दृष्टीने बरंच झालं, पण ती काजळीची बोटं गेली.

गंमत अशी, की अॅड्रिनलिन पेशीच्या आत जातच नाही. ते बाहेरूनच कानाला चिकटतं. कानाचा आकार किंचित बदलतो, आतल्या अंगाला असलेलं 'जी प्रोटीन' जागं होतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो. पुढचं काम तो करवून घेतो. या साखळीतल्या शोधांना १९७१ आणि १९९४ अशी दोन नोबेल मिळाली. मग रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी किरणोत्सारी रेणू चिकटवून कान चक्क मोजायला सुरुवात केली आणि त्यांचे शिष्य ब्रायन कोबिल्का यांनी २०११ मध्ये कान आणि जी प्रोटीन एकत्र काम करतानाचं चित्र मिळवलं. २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांचं. या कुळातले सुमारे ८०० रिसेप्टर माणसात आहेत, आणि आजच्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधं त्यांच्यावरच काम करतात.

मी स्वतः गुंतलो ते या मोजणीत. कारण कानांची संख्या कायम नसते. आणि हे घरोघरी माहीत असायला हवं असं मला वाटतं.

सोलापूरची माझी मावशी छातीतल्या दुखण्यासाठी बरीच वर्षं अशीच बीटा कान बंद करणारी गोळी घेत होती. बरं वाटू लागलं, बीपीही नॉर्मल आलं, तेव्हा तिने ती एका दिवसात सोडली. चार दिवसांत छातीत धडधड, कळा, आणि थेट दवाखाना. सुदैवाने निभावलं. मला म्हणाली, "अरे, औषध सोडलं की दुखणं परत येतं हे कळतं मला. पण आधीपेक्षा जास्त कसं रे?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी म्हटलं, "मावशी, कानात वर्षानुवर्षं बोळे घातले, तर पेशी काय करते? आणखी कान उगवते." उंदरांच्या हृदयात हे १९७७ मध्येच मोजलं गेलं आहे. गोळी एकदम थांबली की सगळे बोळे एकदम निघतात आणि नेहमीचंच अॅड्रिनलिन आरोळीसारखं ऐकू येतं. वाढलेले कान कमी व्हायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर ही गोळी एक-दोन आठवडे घेऊन हळूहळू उतरवतात. ती आपल्या मनाने सोडायची नाही, मग बीपी कितीही छान असो.

दम्यात बरोबर उलटं होतं. साल्ब्युटामॉलचा पंप श्वासनलिकांवरच्या बीटा कानांशी बोलून त्या सैल करतो. पण दिवसातून दहा वेळा ओढला, तर सततच्या ओरडण्याला कंटाळून पेशी कान आत ओढून घेते. आराम कमी होत जातो, आणि नळ्यांची आतली सूज तशीच राहते. म्हणूनच २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसता हा पंप देऊ नये, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइडही असावं, असं सांगितलं आहे. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. पण श्वासातून जाणारी त्याची मात्रा अगदी थोडी असते. ते सूज उतरवतं, आणि पेशीला नवे बीटा कान तयार करायलाही लावतं.