फिट्झजेराल्डचे पत्र आणि कापलेली सुरुवात

अर्नेस्ट हेमिंग्वेने ‘द सन ऑल्सो रायझेस’चा पहिला खर्डा सप्टेंबर १९२५मध्ये संपवला आणि त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या श्रुन्स गावी त्यावर पुन्हा हात फिरवला. टंकलिखित प्रकाशकाकडे गेल्यावर, जून १९२६मध्ये, त्याची प्रत स्कॉट फिट्झजेराल्डने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर वाचली. मित्र असूनही त्याने भीड ठेवली नाही. लांबलचक पत्रात त्याने सुरुवातीच्या पानांवरच बोट ठेवले: ब्रेट आणि माइक या पात्रांची पूर्वकथा तिथे फार ऐसपैस झाली होती. सल्ला काटछाटीचा होता. हेमिंग्वेने तो भाग प्रूफातून साफ काढून टाकला. नेमकी जागा दाखवणारा असा अभिप्राय खरोखर दुर्मीळ! कादंबरी आता थेट रॉबर्ट कोनच्या मुष्टियुद्धापासून सुरू होते. ऑक्टोबरमध्ये ती प्रकाशित झाली.