एक तारखेचा पगार महिनाअखेरपर्यंत

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत वीस तारखेनंतर हात आखडतो, तो बहुधा रोजच्या भाजी-दुधामुळे नव्हे. वर्षातून एकदाच येणारे खर्च घडी विस्कटतात: उन्हाळ्यात भरायचे वर्षाचे गहू, शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी. आम्ही सुचवतो, यांची बेरीज करून 12 ने भागावे. बेरीज 48,000 आली तर पगाराच्याच दिवशी 4,000 रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. गहू आणि फी उरकल्यावर सुरुवात केली तर सोपे जाते. मग भाडे, वीजबिल, किराण्याची मागची उधारी चुकती करावी. उरलेल्या रकमेचे पाच भाग करावेत: चार आठवड्यांचे चार आणि 28 तारखेनंतरच्या दोन-तीन दिवसांचा एक छोटा. तो छोटा भाग बहुतेक घरांत विसरला जातो आणि तिथूनच नवी उधारी सुरू होते.