पहिल्या मुक्कामाचे पाणी
चाकांवरचे घर घेऊन जालन्याहून निघणाऱ्या कुटुंबासाठी

मराठवाड्यातील कुटुंबे बैलगाडीने यात्रेला निघत, त्या काळी वाटेवरचा मुक्काम कोठे करायचा हे घरातील वडीलधारी माणसे ठरवीत. पाणी जवळ असावे, पण गाडी उंचवट्यावर सोडलेली असावी; गाव हाकेच्या अंतरावर असावे; आणि दिवस मावळण्यापूर्वी स्वयंपाक होऊन जेवणे उरकलेली असावीत, एवढे पाहिले की मुक्काम सुखाचा होई. पुढे एस.टी. आली, मोटारी आल्या, धर्मशाळांच्या जागी हॉटेले आली आणि मुक्कामाची जागा पारखण्याची ही विद्या मागे पडली. आता कॅराव्हॅनच्या रूपाने चाकांवरचे घर पुन्हा रस्त्यावर आले आहे आणि तिच्याबरोबर तो जुना प्रश्नही परतला आहे: रात्री गाडी उभी करायची कोठे?

कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेले वाहन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यात अशा गाड्यांबरोबरच त्या थांबविण्यासाठी लागणाऱ्या कॅराव्हॅन पार्कचाही विचार केलेला आहे. ज्या घरात रात्रिभोजनाचा त्याग आहे, कंदमुळे वर्ज्य आहेत, पाणी गाळून किंवा उकळूनच घेतले जाते, त्या घराला या वाहनाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले की हॉटेलच्या वेळांशी आणि पदार्थांशी तडजोड करावी लागत नाही. गुडघेदुखीने त्रस्त आजीलाही स्वच्छतागृहाच्या शोधात ठिकठिकाणी उतरावे लागत नाही.

पहिल्या प्रवासासाठी गाडी भाड्याने घेणे श्रेयस्कर. घरच्या जुन्या टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून घेण्याचा मोह काहींना होतो. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळा फेरबदल वाहनात मनाने करता येत नाही. भाड्याच्या गाडीचेही नोंदणीपत्र, विमा आणि परवाना निघण्यापूर्वी पाहावेत. गाडी चालू असताना प्रत्येकाने आसनावर पट्टा बांधून बसावे. पलंगावर कोणी झोपू नये आणि ओट्याशी कोणी उभे राहू नये.

अंतराचे गणित

पहिल्या खेपेस दूरच्या समुद्राची ओढ आवरलेली बरी. नवख्या चालकाच्या हाती नेहमीच्या मोटारीपेक्षा उंच, रुंद आणि जड वाहन असते. खालून गेलेल्या विजेच्या तारा, बाभळीच्या फांद्या आणि रेल्वेखालचे पूल यांच्याकडे एरवी लक्षही जात नाही. या गाडीत मात्र ते मोजून पार करावे लागतात. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर दोन तासांत सुमारे ८० किलोमीटर होतात. पहिल्या मुक्कामासाठी हीच मर्यादा योग्य ठरते. मध्यरात्री मूल तापले किंवा गाडीत बिघाड झाला, तर घरचे माणूस दुसरी मोटार घेऊन दोन तासांत पोहोचू शकते.

ऋतूची निवडही तितकीच महत्त्वाची. चातुर्मास आटोपून कार्तिकी पौर्णिमा झाली की जलाशयात पाणी असते, काठ वाळू लागलेला असतो आणि ऊन सोसवते. जालना परिसरातील काळी माती ओली असताना जड गाडीची चाके गिळते. वरून कोरडी दिसणारी साय मोडली की खाली चिखल निघतो. म्हणून पाऊस होऊन गेल्यावर काही दिवस मुरूम किंवा फरशी नसलेल्या जागेवर गाडी उतरवू नये. हिवाळ्यात साडेपाच-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारपर्यंत मुक्कामी पोहोचले तर उजेडात जागा पाहता येते, गाडी समतल करता येते आणि जेवणेही सूर्यास्तापूर्वी होतात.

जवळची चार पाणी

जालन्याच्या अगदी जवळचा जलाशय म्हणजे निजामकालीन घाणेवाडी तलाव. शहराची तहान भागविण्यासाठीच तो बांधला गेला आणि लोकसहभागातून त्यातील गाळही उपसला गेला आहे. सकाळी फिरायला जावे, मुलांना पाणी कोठून येते ते दाखवावे आणि परतावे, यासाठी हे ठिकाण उत्तम. रात्रीच्या मुक्कामाचा, भांडी धुण्याचा विचार मात्र पिण्याच्या पाण्याच्या काठी करूच नये.

देऊळगाव राजाच्या रस्त्याने पुढे गेले की देऊळगाव महीजवळ खडकपूर्णा प्रकल्पाचा संत चोखासागर लागतो. चारांपैकी मुक्कामाजोगे सर्वांत जवळचे पाणी हेच. परंतु धरणाचा काठ हे सार्वजनिक मैदान नव्हे. संपादित जमीन पाटबंधारे खात्याची आणि तिच्याबाहेरची शेतकऱ्याची. त्यामुळे खात्याच्या शाखेत विचारल्याशिवाय किंवा शेतमालकाच्या संमतीशिवाय तेथे रात्र काढणे योग्य नाही. ओळखीच्या माणसाचे शेत किंवा नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्र मिळाले तरच या पाण्याचा विचार करावा. राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाने २०२० पासून अशा केंद्रांना अधिकृत चौकट दिलेली आहे.

मंठ्यामार्गे गेले की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगात दुर्मीळ मानले जाते. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याने ते देशभर चर्चेत आले. पाणी खारे आणि अल्कधर्मी. न पिण्याचे, न वापरण्याचे. सरोवराचा परिसर अभयारण्य असल्याने मुक्काम विवराच्या वरच्या बाजूलाच करावा लागतो. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. त्याच्या आवारात गाडी उभी करण्याची परवानगी आधी फोन करून मिळवावी. विवरात उतरणे आणि पुन्हा चढून येणे वृद्धांना जड जाते, हे लक्षात ठेवूनच बेत आखावा.

चौथे पाणी पैठणच्या नाथसागराचे. अंबड–पाचोड मार्गाने जालन्याहून ते सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या धरणाला २७ दरवाजे आहेत. त्यामागे पसरलेले पाणी पूर्ण भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जाते. १९८६ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात रोहित आणि चक्रवाक येथे उतरतात.

पहिल्या मुक्कामासाठी या चारांत पैठण उजवे ठरते. मात्र त्याचे कारण विस्तीर्ण पाणी हे नव्हे. पाण्याला लागून एक नांदते गाव आहे, हे खरे कारण आहे. दवाखाना, गॅरेज, किराणा आणि पोलीस ठाणे जवळ आहे. भगवान मुनिसुव्रतनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र, संत एकनाथांची समाधी आणि पैठणीचे माग आहेत. त्यामुळे पाण्याकाठी दोन तास बसून झाल्यावर मुलांचा आणि वृद्धांचा उरलेला दिवस रिकामा जात नाही. गाडी गावाच्या बाजूला, एखाद्या संस्थेच्या किंवा परिचिताच्या कुंपण असलेल्या आवारात रीतसर परवानगीने उभी करावी. जलाशयाकडे सकाळ-संध्याकाळ जावे आणि रात्री आवारात परतावे. फाल्गुनातील नाथषष्ठीच्या दिवसांत येथे वारकऱ्यांची प्रचंड गर्दी असते. नवख्या चालकाने ते दिवस टाळावेत.

नकाशावरचा काठ आणि खरा काठ

परदेशात, विशेषतः अमेरिका-युरोपात, तळ्याकाठच्या तळावर प्रत्येक गाडीला क्रमांकाची जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडण्याची व्यवस्था मिळते. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत अशा तळांवर सहज जातात. आपल्याकडे ही व्यवस्था अजून तुरळक आहे. म्हणून येथे ‘पाण्याला लागून जागा आहे’ एवढ्या आश्वासनावर निघून चालत नाही.

धरणाचे पाणी एका रेषेवर थांबत नाही. नाथसागर पसरट आणि उथळ आहे. पातळी थोडी उतरली तरी पाणी खूप मागे सरते आणि उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी गाळपेरा करतात. कार्तिकात पाण्याला टेकलेली जागा चैत्रात पाण्यापासून दूर, भेगाळलेल्या गाळापलीकडे असू शकते. पावसाळ्यात उलट घडते. धरणाखाली नदीपात्रात उभी केलेली गाडी तर दरवाजे उघडताच संकटात सापडते. पात्रात, नाल्याच्या तोंडाशी किंवा सखल काठावर मुक्काम कधीही करू नये.

निघण्यापूर्वी जागेच्या मालकाला काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. रात्री थांबण्याची परवानगी आहे का? आत येणारा रस्ता किती रुंद आहे आणि वर किती उंचीवर तारा आहेत? जमीन मुरमाची आहे की काळी? विजेच्या जोडणीला अर्थिंग आहे का? पिण्याचे पाणी कोठून येते? सांडपाणी कोठे सोडायचे? रात्री राखणदार असतो का? उत्तरे मोघम आली, तर जागा कितीही सुंदर असो, ती पहिल्या मुक्कामाची नव्हे असे समजावे.

टाकी आणि बॅटरी

गाडीतील पाण्याची टाकी १०० लिटरची धरली आणि पाच जणांनी प्रत्येकी १५ लिटरमध्ये आंघोळ केली, तरी ७५ लिटर संपतात; भांड्यांना आणि हातपाय धुण्याला २५ उरतात. पिण्याचे पाणी घरूनच गाळून, झाकणाच्या भांड्यांत वेगळे न्यावे. विजेचाही असाच हिशेब. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १२०० वॉट-तास ऊर्जा असते. दिवे आणि पंखे मिळून ८० वॉट धरले तर दहा तासांत ८०० वॉट-तास जातात. १५०० वॉटचे वातानुकूलन यंत्र तीच बॅटरी तासाभराच्या आत रिकामी करील. हिवाळ्यात पंख्यावर भागते. हेही तो ऋतू निवडण्याचे एक कारण.

थंडीच्या रात्री मराठवाड्यात पारा दहा अंशांपर्यंत उतरतो. तरीही बंद गाडीत ऊब मिळविण्यासाठी गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. स्वयंपाक करतानाही झरोके उघडे ठेवावेत, झोपण्यापूर्वी सिलिंडरचा कॉक बंद करावा आणि दोन रजया अधिक न्याव्यात.

काठाची मर्यादा

मुलांना पाणी पाहून मोह होणारच. परंतु धरणाचा तळ नदीच्या उतारासारखा नसतो. जायकवाडीच्या पाण्याखाली अनेक गावे गेली आहेत. बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या विहिरी आणि खड्डे वरून दिसत नाहीत. घोटाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोल पाण्यात पडू शकते. काठावरचा गाळ मोठ्या माणसाचेही पाय धरून ठेवतो. म्हणून गाडी आणि पाणी यांमध्ये अंतर असलेलेच बरे. मुले काठाजवळ असतील तेव्हा एका प्रौढाने हातात मोबाईल न घेता केवळ त्यांच्यावर लक्ष ठेवावे. पाणी नजरेच्या टप्प्यात असावे, पावलाच्या टप्प्यात नसावे.

ही मर्यादा पाण्याच्याही हिताची आहे. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगरला जाते आणि जालना शहरालाही. काठावर ओतलेला साबणाचा फेस किंवा शौचकूपाच्या टाकीतील रसायन शेवटी कोणाच्या घागरीत येणार, हे जालनेकराला वेगळे सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या शहराला पाण्याचे मोल माहीत आहे. काठाशी जलचर आहेत, चिखलात चोच खुपसून अन्न शोधणारे पक्षी आहेत. सांडपाणी टाकीतच साठवून परतल्यावर योग्य गटारव्यवस्थेत सोडावे. रात्री प्रखर दिवे आणि ध्वनिवर्धक बंद ठेवावेत.

या साऱ्याची रंगीत तालीम घरीच करता येते. भाड्याची गाडी एक दिवस आधी आणून ती रात्र सर्वांनी घरासमोर, गाडीतच काढावी. टाकी किती वेळात संपते, आजीला पायरी चढता येते का, कोणता कॉक कोठे आहे, हे तेथे कळते आणि विसरलेली वस्तू दहा पावलांवर सापडते. ती रात्र सुरळीत पार पडली की दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर अंबडचा रस्ता धरावा.