निळे पाणी निर्मळ असतेच असे नाही

लोणावळा, अलिबाग, मुळशी या परिसरातील बंगल्यांत खासगी तरणतलाव ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. शनिवारी मालक येणार, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बंगल्याचा रखवालदार अंदाजाने ब्लिचिंग पावडर टाकतो. सकाळी पाणी निळेशार दिसते आणि मुले बिनधास्त उड्या घेतात. मात्र पुरेसे क्लोरिन असूनही ते जंतूंना पुरून उरेलच, याची खात्री नसते. त्याची मारकशक्ती पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर अवलंबून असते.

क्लोरिन पाण्यात मिसळले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे मुख्य काम हे आम्लच करते. सामू ७.२ असताना सुमारे दोनतृतीयांश क्लोरिन या प्रभावी रूपात असते, ७.५ला निम्मे, ८ला पाव आणि ८.५ला जेमतेम एक दशांश. म्हणूनच सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत राखण्याचा आग्रह धरला जातो. तो फार खाली गेला, तर डोळे चुरचुरतात आणि धातूची शिडी व फरशांमधील सिमेंट झिजू लागते.

आपल्याकडे अडचण बहुधा उलटी असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड असते आणि त्यातील बायकार्बोनेटमुळे सामू हळूहळू वर सरकतो. ब्लिचिंग पावडरमधील चुना त्यात भरच घालतो. फरशांवर धरणारा पांढरा थर ही त्याची खूण. अशा वेळी नुसते क्लोरिन वाढवणे व्यर्थ आहे. आधी अल्कता ८० ते १२० पीपीएमवर आणावी, मग सामू पाहावा आणि शेवटी क्लोरिन. दोन्ही वाढलेले असतील, तर हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे वापरावे लागते. गढूळपणा घालवण्यासाठी सढळ हाताने तुरटी टाकली, तर अल्कता घटते व सामू हेलकावे खाऊ लागतो. तेव्हा खाण्याचा सोडा उपयोगी पडतो.

मात्रेचा हिशेब अवघड नाही. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. त्यामुळे क्लोरिन दोन पीपीएमने वाढवायला ८० ग्रॅम शुद्ध क्लोरिन लागेल. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये ते साधारण एकतृतीयांश असते, म्हणजे पावडर सुमारे २४० ग्रॅम. अल्कता दहा पीपीएमने वाढवायची, तर सोडा सुमारे ७०० ग्रॅम.

टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण त्या प्रत्येक दहा पीपीएम क्लोरिनमागे सहा पीपीएम सायन्युरिक आम्लही मागे ठेवतात. हे आम्ल उन्हापासून क्लोरिनचे रक्षण करते. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते हितकारक, त्यापुढे मात्र क्लोरिनच मंदावते. रोज दोन पीपीएम क्लोरिन गोळ्यांतून दिले, तर महिन्याभरात ३६ पीपीएम साठतात. ते कमी करण्याचा व्यवहार्य मार्ग एकच : काही पाणी काढून नवे भरणे. टँकरवर भिस्त असलेल्यांना गोळ्यांची ही सोय महागातच पडते.

तलावाजवळ येणारा उग्र दर्प स्वच्छतेचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात तो घाम व लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. पिवळा रंग दाखवणारे स्वस्त टेस्ट किट हे खर्ची पडलेले क्लोरिनही मोजते. मोकळे क्लोरिन वेगळे कळण्यासाठी गुलाबी रंग देणारे डीपीडी किट घ्यावे. मोकळे क्लोरिन एक ते तीन पीपीएम हवे.

अर्थात, सारे आकडे बरोबर असले तरी क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनमध्ये आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. त्यामुळे जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये. या परजीवीची लागण झाली असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे.

साठवणुकीत हयगय नकोच. ब्लिचिंग पावडर आम्लाच्या संपर्कात आली की विषारी क्लोरिन वायू सुटतो. पावडर आणि टीसीसीए एकत्र आल्यास स्फोटही होऊ शकतो. दोन्हींसाठी डबे आणि मापेही वेगळी, कोरडी ठेवावीत. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. या सूचना रखवालदाराला वाचता येतील अशा भाषेत पंपघराच्या दारावर लावलेल्या बऱ्या.