टर्नपाइक : इंग्लंडच्या टोलनाक्यांची सव्वादोन शतके

रस्ता एकदा बांधून भागत नाही. पावसाने आणि चाकांनी तो दरवर्षी थोडाथोडा मोडत असतो आणि दरवर्षी थोडाथोडा पुन्हा बांधावा लागतो. हा न संपणारा खर्च कोणी सोसायचा, रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याने की रस्त्यावरून जाणाऱ्याने, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जे प्रयोग झाले, त्यांतून आजच्या टोलव्यवस्थेची जवळजवळ सगळी अंगे, आणि तिच्याबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारीही, जन्माला आल्या.

पहिले उत्तर १५५५ च्या कायद्याने दिले. त्यानुसार रस्त्यांची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत मोडणाऱ्या गावावर, टाकण्यात आली. गावातल्या प्रत्येक घराने वर्षातून चार दिवस रस्त्यावर विनामोबदला काम करायचे, ज्याच्याकडे जमीन किंवा नांगर असेल त्याने गाडी, जनावरे आणि गडी पुरवायचे, आणि गावाने आपल्यातूनच निवडलेल्या बिनपगारी देखरेख्याने ते काम करून घ्यायचे, अशी ती रचना होती. १५६३ मध्ये चाराचे सहा दिवस झाले. ही उघडउघड वेठ होती आणि वेठीचे काम जसे व्हायचे तसेच ते होत असे. तरीही गावच्या गाडीवाटा जोवर गावच्याच गाड्या वापरत होत्या, तोवर या व्यवस्थेत निदान न्याय होता. लंडन फुगत गेले, त्याला लागणारे धान्य, जनावरे आणि कोळसा दूरदूरहून येऊ लागला आणि हा न्याय संपला. हर्टफर्डशायरमधून बार्ली आणि माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेले धान्य, घेऊन जाणाऱ्या अवजड गाड्या लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गाची दैना करीत आणि ती निस्तरायला मात्र वाटेवरच्या अशा गावकऱ्यांना कुदळ घ्यावी लागे, ज्यांना त्या व्यापारातून दमडीही मिळत नव्हती.

याच महामार्गासाठी, आणि याच कारणाने, १६६३ मध्ये पार्लमेंटने एक वेगळा कायदा केला. हर्टफर्डशायर, केंब्रिजशायर आणि हंटिंग्डनशायर या तीन काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, अनुक्रमे वेड्समिल, कॅक्स्टन आणि स्टिल्टन येथे नाके उभारून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या-घोड्यांकडून कर घ्यावा आणि तो त्या रस्त्याच्या दुरुस्तीवर खर्च करावा, असे ठरले. इंग्लंडमध्ये पूल ओलांडण्यासाठी किंवा शहराच्या वेशीतून आत येण्यासाठी पैसे देण्याची रीत जुनी होती. उघड्या रस्त्यावर आडवा दांडा टाकून वाटसरूला थांबवणे मात्र नवे होते. रस्त्यावरच्या या अडसराला टर्नपाइक म्हणत आणि पुढे त्या रस्त्यालाही तेच नाव पडले. कल्पना लगेच पसरली असे झाले नाही. असा दुसरा कायदा व्हायला तीसहून अधिक वर्षे लागली.

सुरुवातीचे नाके काउंटीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हाती होते, आणि त्यांना आधीच इतकी कामे असत की रस्ता ही त्यांची शेवटची काळजी ठरे. खरा बदल १७०७ च्या सुमारास झाला, जेव्हा लंडन–चेस्टर मार्गाच्या एका तुकड्यासाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. टर्नपाइक ट्रस्ट या नावाने ओळखली जाणारी ही रचना पुढे ठरीव झाली. परिसरातले जमीनदार, व्यापारी आणि धर्मोपदेशक मिळून पार्लमेंटकडून एक खाजगी कायदा मंजूर करून घेत. त्या कायद्याने विश्वस्तांची नावे, रस्त्याची हद्द, टोलचे कमाल दर आणि मुदत ठरवून दिलेली असे. विश्वस्तांना वेतन नसे आणि नफाही घेता येत नसे. चिटणीस, खजिनदार आणि रस्त्याचा सर्वेक्षक हे त्यांचे पगारी नोकर. मुदत सहसा एकवीस वर्षांची, कारण मूळ समजूत अशी की टोल ही तात्पुरती सोय आहे. रस्ता एकदा सुधारला आणि कर्ज फिटले की दांडा काढून टाकायचा. प्रत्यक्षात मुदत संपत आली की बहुतेक मंडळे नवा कायदा करून ती वाढवून घेत.

असे का होई, याचे उत्तर ट्रस्टच्या अर्थकारणात आहे. रस्ता आधी सुधारायचा आणि टोल नंतर गोळा व्हायचा, म्हणून मंडळे भावी टोल गहाण ठेवून चार-पाच टक्के व्याजाने स्थानिक लोकांकडून कर्ज उभारत. सुरक्षित व्याज शोधणाऱ्या विधवा, पाद्री आणि छोटे व्यापारी यांना हे रोखे सोयीचे वाटत, आणि कर्ज देणाऱ्यांत खुद्द विश्वस्तही असत. ज्याला नफा घेता येत नव्हता त्याला व्याज घेता येत होते, आणि कर्ज लवकर फिटावे अशी तळमळ अशा विश्वस्ताला का असावी, हा प्रश्न कायद्याने कधी विचारलाच नाही. नाक्यावर जमलेल्या पैशातून आधी पगार आणि व्याज जाई, उरलेल्यातून खडी पडे.

वसुलीचे काम तर मंडळांनी लवकरच मक्त्याने देऊन टाकले. नाक्यावरचा नोकर किती गाड्या गेल्या आणि किती पैसे आले हे खरे सांगेल याचा भरवसा नसल्याने, वर्षाची ठोक रक्कम आधीच कबूल करणारा मक्तेदार परवडत असे. हा लिलाव कसा करायचा हे १७७३ च्या सर्वसाधारण टर्नपाइक कायद्याने बारकाईने सांगितले होते: मेजावर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ ठेवायचे, प्रत्येक बोलीनंतर ते उलटे करायचे, आणि लागोपाठ तीनदा वाळू संपेपर्यंत नवी बोली आली नाही तर शेवटच्या बोलीवर लिलाव तोडायचा. एवढी काळजी घेऊनही मक्तेदारांनी आपसात ठरवून बोली पाडायला वेळ लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या आसपासच्या नाक्यांचे मक्ते मोठ्या प्रमाणावर लुईस लेव्ही या एकाच व्यापाऱ्याकडे एकवटले होते. मक्तेदाराला रस्त्याशी देणेघेणे नसे; ठरलेली रक्कम भरून वर जे उरेल ते त्याचे, त्यामुळे सवलतीच्या प्रत्येक दाव्यावर वाद घालणे हेच त्याचे उत्पन्न असे.

आणि सवलती पुष्कळ होत्या. नाक्याशेजारच्या नाकेदाराच्या घरावर दरांचा फलक लावलेला असे. त्यावर सहा घोड्यांच्या बग्गीपासून वीस-वीसच्या हिशेबाने मोजल्या जाणाऱ्या गुरामेंढरांपर्यंत सगळ्यांचे दर लिहिलेले असत. पायी जाणाऱ्याला सहसा काहीच द्यावे लागत नसे. राजघराणे, सैन्य, रविवारी चर्चला जाणारे, अंत्ययात्रा, शेताकडे जाणारी अवजारे आणि खत यांना बहुधा सूट असे. १७५३ च्या कायद्याने नऊ इंच रुंद चाकांच्या गाड्यांना उत्तेजन दिले, कारण अरुंद चाक रस्ता चिरते आणि रुंद चाक तो दाबून सपाट करते असे मानले जाई. अवजड गाड्यांचे वजन करण्यासाठी नाक्यांवर मोठे काटेही बसवले गेले. गाडीवाल्यांनी यावर लवकरच तोड काढली : रुंद चाकाचा घेर मधोमध फुगीर ठेवला की सवलतही मिळे आणि गाडी अरुंद चाकासारखी हलकीही चाले. रस्ता दाबून बसवण्याचा हेतू मात्र बारगळला.

या व्यवस्थेचे सर्वांत समतोल परीक्षण ॲडम स्मिथने १७७६ मध्ये ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये केले. गाडीच्या वजनाप्रमाणे टोल घेणे त्याला तत्त्वतः न्याय्य वाटत होते, कारण जो रस्ता जितका झिजवतो तितके तो देतो. कालवा खाजगी मालकाच्या हाती देता येतो पण रस्ता देता येत नाही, असे त्याने म्हटले आणि त्यामागचे कारण मार्मिक आहे : कालव्याची निगा राखली नाही तर त्यातून होडी जाणेच बंद होते आणि मालकाचे उत्पन्न बुडते, रस्ता मात्र कितीही बिघडला तरी त्यावरून कसेबसे जाता येते, म्हणून दुरुस्ती न करताही टोल चालूच राहतो. म्हणूनच मालकापेक्षा विश्वस्त बरे. पण या विश्वस्तांवर देखरेख नाही, गरजेपेक्षा दुपटीहून अधिक पैसा गोळा होतो आणि तरीही काम ढिसाळ होते, ही लोकांची तक्रार त्याने नोंदवली. शिवाय सरकारने टोल हे तिजोरी भरण्याचे साधन केले तर त्याचे दर भरमसाट वाढतील आणि त्याचा बोजा अवजड पण स्वस्त मालावर, म्हणजे अखेर गरिबांवर पडेल, असाही इशारा दिला.

इतके दोष असूनही या मंडळांनी देशाचे रस्ते बदलले, हे नाकारता येत नाही. १७५० नंतरच्या दोन दशकांत त्यांची लाटच आली आणि १८३० च्या दशकात त्यांची संख्या हजाराच्या वर, त्यांच्या ताब्यातले रस्ते सुमारे ३५ हजार किलोमीटर आणि नाके काही हजार होते. बाकीचे बहुसंख्य रस्ते मात्र अजूनही पॅरिशांच्याच जबाबदारीवर चालत होते. पैसा आल्यामुळे रस्ते बांधणे हा पूर्णवेळ धंदा झाला. यॉर्कशायरच्या नेअर्सबरो गावचा जॉन मेटकाफ सहाव्या वर्षी देवी येऊन आंधळा झाला होता, तरीही १७६५ पासून त्याने मंडळांसाठी पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक रस्ते बांधले आणि दलदलीवरून रस्ता नेताना झुडपांच्या मोळ्यांचा थर खाली अंथरण्याची युक्ती वापरली. जॉन लाउडन मॅकॲडम १८१६ मध्ये ब्रिस्टल ट्रस्टचा सर्वेक्षक झाला. मोठ्या दगडांचा पाया न घालता, निचरा होणाऱ्या कोरड्या जमिनीवर एकसारख्या बारीक फोडलेल्या खडीचे थर दिले की चाकांच्या दाबानेच ती खडी एकमेकींत घट्ट बसते, हे त्याने दाखवून दिले. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकांत दिसणारी ‘डब्ल्यूबीएम’ ही अक्षरे, म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, याच पद्धतीच्या पुढच्या अवताराची आहेत. लंडन–मँचेस्टर प्रवासाला १७५४ मध्ये साडेचार दिवस लागत. १८३० च्या दशकात तो वीस तासांच्या आत होऊ लागला. १७८४ मध्ये सुरू झालेल्या टपालगाडीला तर टोल माफ असे, आणि तिच्या रक्षकाने लांबून शिंग फुंकले की नाकेदाराला ती पोचण्याआधीच फाटक उघडून ठेवावे लागे.

विरोध पहिल्यापासून होता आणि तो बहुधा ज्यांचा माल जड व नफा थोडा अशांचा होता. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांनी १७२७ मध्ये नाके मोडले. १७५३ मध्ये लीड्समध्ये जमावावर सैन्याने गोळीबार केला आणि माणसे मेली. पार्लमेंटने नाका मोडण्याची शिक्षा आधी तीन महिने कैद, मग सात वर्षे हद्दपारी आणि १७३५ पर्यंत थेट फाशी अशी वाढवत नेली.

सर्वांत मोठा उठाव वेल्समध्ये झाला. नैर्ऋत्य वेल्सची जमीन आम्लधर्मी असल्याने शेतकऱ्याला दरवर्षी भट्टीवरून चुना आणून शेतात टाकावा लागे. चुना स्वस्त, पण वाटेत वेगवेगळ्या मंडळांचे एकापाठोपाठ एक नाके लागत आणि आडवाटेने निसटणाऱ्यांसाठी मक्तेदारांनी आडनाकेही बसवले होते, त्यामुळे टोल चुन्याच्या किमतीलाही मागे टाकू शके. मे १८३९ मध्ये एवाइलवेन येथील नवा नाका रात्री उद्ध्वस्त करण्यात आला. हल्लेखोर पुरुष बायकांचे कपडे घालून आणि तोंडाला काळे फासून आले होते व त्यांचा म्होरक्या स्वतःला रिबेका म्हणवत होता. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकाच्या वंशजांना शत्रूंच्या वेशी मिळतील असा आशीर्वाद आहे, आणि चर्चला नेमाने जाणाऱ्या त्या शेतकऱ्यांना त्याचा रोख समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८४२ आणि १८४३ मध्ये हे लोण सगळीकडे पसरले. खंड, चर्चची पट्टी आणि गरिबांसाठीच्या कामघरांचा जाच यांचा रागही त्यात मिसळला. सप्टेंबर १८४३ मध्ये हेन्डी येथे सारा विल्यम्स ही वृद्ध नाकेदारीण मारली गेली. तिच्या शरीरात छर्रे सापडले असूनही चौकशीच्या पंचांनी मृत्यू रक्तस्रावाने झाला, पण त्या रक्तस्रावाचे कारण अज्ञात आहे, असा निर्णय दिला. तो सहानुभूतीचा होता की भीतीचा, हे सांगणे अवघड आहे.

सरकारने सैन्य पाठवले, पण चौकशी आयोगही नेमला, आणि आयोगाला शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांत तथ्य आढळले. १८४४ च्या कायद्याने दक्षिण वेल्समधली विखुरलेली मंडळे मोडून प्रत्येक काउंटीसाठी एकच रस्ते मंडळ आले, चुन्यावरचा टोल निम्मा झाला आणि एकदा टोल भरल्यावर सात मैलांच्या आत पुन्हा भरावा लागू नये अशी व्यवस्था झाली. दंगेखोर ज्यासाठी गुन्हेगार ठरले, ते बहुतेक त्यांना मिळाले.

उरलेल्या इंग्लंड-वेल्समध्ये मंडळांना दंगलीने नाही, रेल्वेने संपवले. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि पुढच्या दशकापासून लांब पल्ल्याच्या बग्ग्या रस्त्यावरून नाहीशा होत गेल्या. त्यातच १८३५ च्या कायद्याने गावांची वेठ रद्द झाल्याने मंडळांना मिळणारा फुकट मजुरीचा वाटाही गेला. उत्पन्न घटले, कर्जे तशीच राहिली, आणि काही ठिकाणी तर केवळ जुन्या कर्जाचे व्याज देण्यासाठी लोक टोल भरत राहिले. १८६४ पासून लंडनचे नाके हटवले जाऊ लागले, १८८८ च्या कायद्याने मुख्य रस्ते निवडून आलेल्या काउंटी परिषदांकडे गेले आणि १ नोव्हेंबर १८९५ रोजी वेल्सच्या अँगलसी बेटावरचा शेवटचा टर्नपाइक टोल बंद झाला.

भारतात इंग्रजांनी टोल आणला तो मात्र ट्रस्ट वगळून. १८५१ च्या कायद्याने सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर टोल बसवण्याचा अधिकार खुद्द सरकारला मिळाला आणि ते उत्पन्न सार्वजनिक महसूल ठरले. विश्वस्त नाहीत, स्थानिक कर्जदाते नाहीत, आणि दर एकवीस वर्षांनी पार्लमेंटपुढे जाऊन मुदत मागण्याची अटही नाही. ॲडम स्मिथने ज्याची धास्ती घेतली होती, त्याच्या जवळ जाणारी ही रचना होती. मुंबई इलाख्यासाठी रस्ते आणि पूल यांवरील टोलचा स्वतंत्र कायदा १८७५ मध्ये झाला, म्हणजे इंग्लंडमध्ये एकेक मंडळ गुंडाळले जात असताना. इंग्लंडच्या नाक्यांवरचा दरफलक मात्र १८५१ च्या कायद्यात जसाच्या तसा आला, आणि नाक्याजवळ सहज दिसेल अशा ठिकाणी लावायचा हा फलक इंग्रजीबरोबरच त्या जिल्ह्याच्या भाषेतही वाचता येईल असा लिहिला पाहिजे, असे त्यात बजावलेले होते.