तीन रात्री गाडी एकाच जागी अडली: बिघाड शोधायची पद्धत आणि माझी चूक



या आठवड्याच्या व्हिडिओत बिघाड शोधायच्या पाच पायऱ्या सांगितल्या. त्या मी कुठं शिकलो, हे मात्र सांगितलं नाही. वेळ कमी होता असं म्हणू शकतो, पण खरं कारण वेगळं आहे. त्या गोष्टीत माझी चूक आहे आणि कॅमेऱ्यासमोर ती सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून इथं लिहितोय.

ऑर्डर आली कशी

आपल्या बीडकरांना रेल्वेचं काय अप्रूप आहे, हे बाहेरच्याला समजायचं नाही. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. नगरहून आष्टीपर्यंत ६६ किलोमीटर गाडी धावायला २३ सप्टेंबर २०२२ उजाडला. आणि बीड शहरातून अहिल्यानगरकडं प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी. म्हणजे मंजुरीच्या वेळी पाळण्यात असलेलं लेकरू गाडी आली तेव्हा तिशीला पोचलं होतं.

माझं बीडमध्ये कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान. पुढं काउंटर, मागच्या खोलीत ट्रेनिंगची बॅच. गाडी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एका शाळेचे मुख्याध्यापक आले. संक्रांतीनंतर विज्ञान प्रदर्शन होतं. म्हणाले, "सर, आपली रेल्वे स्क्रीनवर दाखवा. पण नुसता व्हिडिओ नको. पोरांना स्वतः गाडी चालवता आली पाहिजे."

मी लगेच हो म्हटलं. १२,००० रुपये सांगितले, ४,००० ॲडव्हान्स घेतला. असं काम आधी कधी केलं नव्हतं, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

हे सॉफ्टवेअर असतं कसं

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर इंजिन चालवायचा खेळ. खेळ म्हटलं तरी ब्रेक, वेग, सिग्नल सगळं खऱ्यासारखं. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला. त्याच पद्धतीच्या फाइल वाचणारं 'ओपन रेल्स' नावाचं सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. नवा मार्ग तयार करायचा तर रूट एडिटरमध्ये रुळाचा एकेक तुकडा ठेवत जायचं. तुकडा नीट बसला की मागच्याला आपोआप चिकटतो.

आम्ही विघनवाडी, राजुरी आणि बीड अशी तीनच स्टेशनं घेतली आणि मधलं अंतर आखूड केलं. पोरांना पाच-सात मिनिटांत एक फेरी मारता आली पाहिजे, एवढाच हिशोब.

माझ्याकडं अर्धा दिवस काम करणारा एक मुलगा आहे. शिरूर कासार तालुक्यातला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, गावाकडं आजी. पोरगं हुशार आणि कमी बोलणारं. मी म्हटलं, "तू बीडकडून रूळ टाकत ये, मी विघनवाडीकडून येतो. मध्ये भेटू." चार दिवसांत भेटलो पण.

गाडी अडली

पहिली चाचणी घेतली. विघनवाडीहून गाडी झोकात निघाली, आणि राजुरीच्या थोडं अलीकडं अडली. पुन्हा चालवली, पुन्हा तिथंच. रूळ तर सलग दिसत होता. जवळच एक सिग्नल होता, म्हणून संशय सिग्नलवर गेला.

पुढच्या दोन रात्रींत मी काय काय केलं ते ऐका. सिग्नल काढून दुसरा बसवला. इंजिन बदललं. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कधी कधी हे सगळं एकाच दमात, मध्ये चाचणी न घेता. त्या नादात राजुरी स्टेशनचं केलेलं काम एकदा उडालं, कारण कॉपी काढून ठेवली नव्हती. दोन तासांचं काम पाण्यात. आणि गाडी? जिथल्या तिथं.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. काउंटरवर दोन प्रिंटर दुरुस्तीला पडलेले, गिऱ्हाईक येऊन विचारून जात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गिऱ्हाइकांच्या समोरच मी पोरावर ओरडलो. "तुझ्याच बाजूला काहीतरी घोळ घातलाय तू. काम जमत नसेल तर तसं सांग."

तो एवढंच म्हणाला, "सर, तिकडून पण एकदा चालवून बघू का?" मी ऐकून घेतलं नाही. त्यानं बॅग उचलली आणि गेला. नंतर फोन लावला तर बंद.

रात्री दुकान बंद करताना बायकोनं विचारलं, "चूक त्याचीच आहे हे कशावरून?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन दिवस मी बिघाड शोधतोय असं मला वाटत होतं. खरं तर तो कुणावर ढकलता येईल ते शोधत होतो. आधी सिग्नलवर, मग सॉफ्टवेअरवर, शेवटी त्या लेकरावर.

त्या रात्री काय केलं

वही घेतली. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी लिहून काढलं.

एक: बिघाड नेमका लिहा. "गाडी चालत नाही" हे लिहिणं नव्हे. "विघनवाडीकडून येताना, राजुरीच्या अलीकडं, प्रत्येक वेळी एकाच जागी अडते. इंजिन बदललं तरी अडते." एवढं लिहिल्यावर इंजिन आणि ड्रायव्हर आपोआप बाद झाले. इंजिनात दोष असता तर गाडी कुठंही अडली असती. जागा ठरलेली आहे, म्हणजे दोष त्या जागेत आहे.

दोन: आधी कॉपी काढा. पूर्ण फोल्डरची कॉपी काढून तारीख टाकून ठेवली. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर हात थरथरत नाही, कारण बिघडलं तरी परत जागेवर यायची सोय असते.

तीन: अर्धं करून बघा. पोरानं सांगितलेलं हेच होतं. गाडी बीडकडून सोडली. बीड ते राजुरी झकास. राजुरीच्या पुढं आली आणि पलीकडून बरोबर त्याच जागी अडली. म्हणजे त्याची बाजू साफ, माझी बाजू साफ. बिघाड मधल्या काही फुटांत.

चार: मशीन काय सांगतंय ते वाचा. ओपन रेल्स प्रत्येक वेळी डेस्कटॉपवर एक लॉग फाइल लिहून ठेवतं. ती मी आधी उघडली होती, पण चित्रांच्या फाइल सापडत नसल्याच्या शेकडो ओळी बघून बंद केली होती. त्या ओळींचा आणि गाडी अडण्याचा संबंध नव्हता. या वेळी एफ-फाइव्ह दाबून गाडी चालू असतानाची माहितीची पानं एकेक बघितली. डिस्पॅचरच्या पानावर माझ्या गाडीच्या ओळीत तीन अक्षरं होती: ई, ओ, टी. म्हणजे एंड ऑफ ट्रॅक. पुढं रूळ संपलाय.

डोळ्यांना रूळ सलग दिसत होता. सॉफ्टवेअर मात्र पहिल्या रात्रीपासून सांगत होतं की तो संपलाय.

पाच: एकच बदल करा, मग चाचणी घ्या. एडिटरमध्ये त्या जागेवर पार जवळ गेलो. दोन तुकड्यांमध्ये तीन-चार सेंटीमीटरची फट होती. आणि बघता बघता आठवलं. दोन्हीकडून येणारे रूळ भेटले तेव्हा शेवटचा तुकडा नेमका बसत नव्हता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी तो माउसनं ओढून "दिसायला" जुळवला आणि झोपायला गेलो. एडिटर तुकडे चिकटवतो ते त्याच्या नोंदवहीत, म्हणजे ट्रॅक डेटाबेसमध्ये. चित्रात टेकलेला तुकडा नोंदवहीत जोडलेला असेलच असं नाही. दोन बाजूंनी येणारे रूळ जुळवताना ही अडचण हमखास येते, आणि लांबी-वळण कमीजास्त करता येणारा डायनॅमिक ट्रॅकचा तुकडा असतो तो त्याचसाठी.

माझा तुकडा काढला, फट मोजली, डायनॅमिक ट्रॅक बसवला. बाकी कशाला हात लावला नाही. गाडी सोडली. राजुरी ओलांडून बीडला पोचली. रात्रीचा दीड वाजला होता. आनंद व्हायला पाहिजे होता, पण पोटात खड्डा पडला.

खऱ्या रुळाचंही असंच

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. जमलं तर पोरांना घेऊन जा. अशा छोट्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा इंजिनाला वीज रुळातूनच मिळते. एखादा जोड सैल झाला किंवा रुळावर धूळ बसली की इंजिन तिथं गप्प होतं, आणि बघणाऱ्याला रूळ अखंड दिसत असतो. जोड दिसतो कसा यावर काही ठरत नाही. त्यातून काही पलीकडं जातं का, ते तपासावं लागतं.

दुसऱ्या दिवशी

सकाळी पोराच्या गावाला गाडी काढली. आजी ओट्यावर बसल्या होत्या. पोरगं आतून बाहेर आलं. मी म्हटलं, "चूक माझी निघाली. जोड मीच नीट बसवला नव्हता. तू सांगितलेलं केलं तेव्हा सापडलं." तो म्हणाला, "मला वाटलंच होतं सर, पण तुम्ही चिडलेले होते."

हे वाक्य मला अजून टोचतं. त्याला उत्तर माहीत होतं, आणि मी असं वातावरण करून ठेवलं होतं की त्याला बोलता येऊ नये. तुमच्या दुकानातल्या माणसाला बिघाड दिसतोय आणि तो गप्प बसतोय, यापेक्षा महागडा बिघाड नाही.

संध्याकाळी प्रिंटर न्यायला कालचेच एक गिऱ्हाईक आले. त्यांच्यासमोर मी सांगितलं, "काल याला बोललो ते चुकीचं होतं. दोष माझ्या कामात होता." चारचौघांत अपमान केला असेल तर माफी पण चारचौघांतच मागावी लागते. एकट्यात मागितलेली अर्धीच पोचते.

तपासणारा वेगळा पाहिजे

मग आम्ही एक नियम केला. त्याचं काम मी तपासायचं, माझं त्यानं. पहिल्याच फेरीत त्यानं माझ्या बाजूचा एक सांधा चुकीचा धरून दिला. गाडी मेन लाइनऐवजी लूप लाइनला शिरत होती. प्रदर्शनात पोरांसमोर ते झालं असतं तर काय, विचार करा.

ही पद्धत माझी नाही. खऱ्या रेल्वेत नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करायच्या आधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि मंजुरी लागते. आणि हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. रूळ टाकणाऱ्यानंच रूळ पास करायचा नाही, हा त्यामागचा विचार. आपल्या दुकानात दोनच माणसं असली तरी तेवढं जमतं.

प्रदर्शन पार पडलं. पोरांनी रांग लावून गाडी चालवली. उरलेले ८,००० मिळाले. वाया गेलेल्या रात्री आणि लांबलेली प्रिंटरची कामं धरली तर या ऑर्डरमध्ये नफा जवळजवळ नाही. पोरगं मात्र टिकलं, तोच नफा धरतो.

तुमच्या धंद्यात हे कसं वापरायचं

माझ्या बॅचमधल्या एक ताई घरी शेव करून विकतात. "पाकिटातली शेव मऊ पडते" ही तक्रार आली. त्यांनी एका आठवड्यात तेल बदललं, बेसन बदललं, पाकीट बदललं, कामावरच्या बाईला पण बोलून घेतलं. शेव मऊच. मी म्हटलं, एकच घाणा घ्या. अर्धी शेव नेहमीसारखी लगेच भरा, अर्धी पूर्ण गार करून भरा. आठ दिवसांनी दोन्ही पाकिटं फोडा. गार करून भरलेली कुरकुरीत निघाली. गरम शेवेची वाफ पाकिटात कोंडत होती. तेल, बेसन, बाई, कुणाचाच दोष नव्हता.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली एक जुनी, चिवट अडचण घ्या. ती एका वाक्यात लिहा: कुठं, कधी, किती वेळा. त्या वाक्यात माणसाचं नाव आलं तर ते खोडा आणि जागेचं नाव लिहा. मग तुमच्याकडं काम करणाऱ्याला विचारा, "तुला काय वाटतं?" आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा.

पुढच्या व्हिडिओत ऑर्डर घेताना दर कसा काढायचा ते बघू. १२,००० मी कसे चुकीचे सांगितले, तेही त्यात येईल. भेटू.